उजेड गेला, चित्र शाबूत : मॉनिटरच्या बॅकलाइटविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांतली बरीच पत्रे एकाच तक्रारीची निघाली: यंत्र चालू आहे, दिवा लागतो, आवाज येतो, पण पडदा काळा. त्यामुळे या वेळचे सदर पडद्यामागच्या उजेडालाच, म्हणजे बॅकलाइटलाच, वाहिले आहे.

प्रश्न : माझी देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. पॅकिंगच्या शेडला लागून हिशेबाची एक लहान खोली आहे. हंगाम संपल्यावर जूनमध्ये ती बंद केली, ती थेट फेब्रुवारीत उघडली. तिथला २२ इंची एलईडी मॉनिटर सात वर्षांचा आहे. चालू केल्यावर त्याचा निळा दिवा लागतो, संगणकही सुरू होतो, परंतु पडद्यावर काहीच दिसत नाही. मुलाने पडद्यावर बॅटरी मारून पाहिली, तेव्हा अक्षरे अगदी पुसट दिसली. गावातल्या मेकॅनिकच्या मते पॅनेल गेले आहे आणि नवा मॉनिटर घेण्यावाचून इलाज नाही. खरोखरच पॅनेल गेले आहे का? घरी काही करून पाहता येईल का?
– एक आंबा बागायतदार, देवगड

उत्तर : आपल्या मुलाने बॅटरी मारून पाहिली तेव्हाच निम्मे निदान झाले. एलसीडी पॅनेल स्वतः उजेड देत नाही; देवळातल्या रंगीत काचेच्या तावदानासारखे ते असते, मागून उजेड आला तरच त्यावरची नक्षी दिसते. बॅटरीच्या प्रकाशात पुसट का होईना अक्षरे दिसली, याचा अर्थ पॅनेल चित्र उमटवत आहे, मेन बोर्ड त्याला चित्र पुरवत आहे आणि वीजपुरवठ्याचा निदान तेवढा भाग तरी ठीक आहे. गेला आहे तो फक्त मागचा उजेड. हीच चाचणी ज्यांना करून पाहायची असेल त्यांनी खोलीत अंधार करावा, पडद्यावर मोठी काळी-पांढरी अक्षरे येतील असे काही उघडावे आणि बॅटरी काचेपासून वीतभर अंतरावर तिरकी धरावी. समोरून सरळ मारलेल्या झोताची तिरीप डोळ्यांवर येते आणि हाती काहीच लागत नाही.

मेकॅनिकवर मात्र रागावू नये. मॉनिटरमध्ये एलईडींची पट्टी पॅनेलच्या चौकटीच्या आत, बहुधा खालच्या कडेला बसवलेली असते आणि सुट्या भागांच्या व्यवहारात पट्टीसकट सगळे मिळून ‘पॅनेल’ असाच एक नग धरला जातो. पट्टी गेली असेल तर त्याचे म्हणणे व्यवहारापुरते बरोबर ठरते. प्रश्न एवढाच आहे की, पट्टी गेली हे त्याने मोजून पाहिले, की अंदाजाने सांगितले.

मागचा उजेड लागण्यासाठी तीन गोष्टी एकापाठोपाठ घडाव्या लागतात. मेन बोर्डाने ‘लाव’ असा आदेश द्यावा लागतो, ड्रायव्हर नावाच्या मंडलाने आत आलेले १२ ते १९ व्होल्ट वाढवून पट्टीला लागतील तेवढे करावे लागतात, आणि शेवटी ती वीज पट्टीतून सलग वाहावी लागते. पट्टीतले एलईडी माळेत ओवल्यासारखे जोडलेले असतात; एका माळेत दहा-बारा एलईडी आणि प्रत्येकाला सुमारे ३ व्होल्ट, असा हिशेब धरला तर माळेला ३० ते ३६ व्होल्ट लागतात. या तिन्हींपैकी कुठे खंड पडला हे ठरवल्याखेरीज एकही सुटा भाग विकत आणू नये. मी स्वतः दुरुस्तीला सुरुवात केली त्या काळात अशाच एका मॉनिटरचा ड्रायव्हर आयसी, म्हणजे त्या मंडलाची मुख्य चिप, दोनदा बदलला होता. दोष निघाला पट्टीच्या जोडणीतल्या एका पिनेत, जी गंजून हिरवी पडली होती आणि नखाने खरवडताच निखळून हातात आली.

आपल्या बाबतीतही माझा पहिला संशय तिथेच जातो, कारण मॉनिटर बिघडला तो चालू असताना नव्हे, बंद असताना. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे सूक्ष्म कण सर्किट बोर्डावर बसतात. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ हवेतलेच पाणी ओढून स्वतः विरघळते, आणि आपल्याकडे मिरगापासून दसऱ्यापर्यंत हवा बहुतेक काळ त्याहून ओलीच असते. चालू मॉनिटर आपल्या उबेने कोरडा राहतो. कुलूपबंद खोलीतल्या थंड मॉनिटरवर मात्र ही खारी ओल महिनोन्महिने बसून तांब्याचे मार्ग आणि पिना खात राहते.

उघडण्यापूर्वी दोन फुकटच्या गोष्टी कराव्यात. बॅटरीच्या उजेडात चाचपडत का होईना, मॉनिटरच्या मेनूमध्ये जाऊन प्रकाशाची पातळी शून्यावर तर गेली नाही ना, हे पाहावे. मग वीज काढून मॉनिटर दोन-तीन दिवस कोरड्या, उबदार खोलीत ठेवावा आणि पुन्हा लावून पाहावा. उन्हात ठेवू नये.

त्याने भागले नाही तर मॉनिटर उघडावा लागेल. त्याआधी त्याला वीज बाहेरच्या अडॅप्टरमधून मिळते की भिंतीवरची वायर सरळ आत जाते, हे पाहावे, कारण पुढचा सगळा धोका त्यावर अवलंबून आहे. अडॅप्टरवाल्या मॉनिटरच्या आत पन्नासेक व्होल्टच्या वर सहसा काही नसते. वायर सरळ आत जात असेल, तर २३० व्होल्टचा पुरवठा एकदिश झाल्यावर मुख्य कॅपॅसिटरवर (वीज साठवून ठेवणाऱ्या डबीसारख्या भागावर) ३२५ व्होल्टपर्यंत दाब चढतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तिथे राहू शकतो. काही जण स्क्रू-ड्रायव्हर आडवा लावून कॅपॅसिटर ‘मोकळा’ करतात. ठिणगीने बोर्डाचा मार्ग उडतो आणि हातालाही दणका बसतो. त्याऐवजी तारेचा जुना पिवळा बल्ब होल्डरमध्ये घालून, त्याची दोन टोके कॅपॅसिटरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवावीत आणि नंतर मल्टिमीटरने दाब उतरल्याची खात्री करावी. हे वाचून मनात थोडी जरी धाकधूक झाली, तरी अशा मॉनिटरचे झाकण घरी उघडू नये.

झाकणाच्या खाचा उचकटायला जुने प्लास्टिकचे कार्ड पुरते. स्क्रू-ड्रायव्हर काचेच्या कडेला लागला तर चांगले पॅनेल खरोखरच जाईल. बोर्ड दिसू लागल्यावर आधी नुसते पाहावे. पट्टीकडे जाणारी बारीक वायरींची जोडणी कुठे आहे, तिच्या पिनांवर हिरवा किंवा पांढरा थर आहे का, मुंग्यांची माती, पालीची अंडी किंवा कुंभारणीने केलेले घर आहे का, हे बघावे. या सगळ्या वस्तू मी मॉनिटरमधून काढलेल्या आहेत. थर असेल तर जोडणी सोडवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशने दोन्ही बाजू घासाव्यात, पूर्ण वाळू द्याव्यात आणि पुन्हा घट्ट बसवाव्यात. साधे पाणी किंवा रॉकेल वापरू नये.

यानंतरही उजेड आला नाही तर मोजमापाला पर्याय नाही आणि इथे एक खूण फार उपयोगी पडते. ड्रायव्हर जेव्हा काहीच करत नसतो तेव्हाही आत आलेली वीज त्याच्या कॉइल आणि डायोडमधून जशीच्या तशी बाहेरच्या टोकापर्यंत पोहोचते. म्हणून बाहेरच्या टोकाशी, समजा, १८.५ व्होल्ट दिसले आणि आत १९ आहेत, तर वीज ‘आली’ असे समजू नये. ड्रायव्हर गप्प बसला आहे, असा त्याचा अर्थ आहे. तेव्हा मेन बोर्डाकडून येणाऱ्या आदेशाच्या पिनेवर ३ ते ५ व्होल्ट येतात का, ते पाहावे. येत असतील तर दोष ड्रायव्हरचा, नसतील तर मेन बोर्डाचा किंवा त्या दोघांमधल्या तुटलेल्या मार्गाचा. बाहेरच्या टोकाशी काहीच नसेल तर ड्रायव्हरच्या तोंडाशी असलेला बारीक फ्यूज आधी तपासावा. आणि मॉनिटर चालू करताच आकडा क्षणभर उसळी मारून पुन्हा १९ च्या आसपास येऊन बसत असेल, तर ड्रायव्हर बिचारा प्रयत्न करत आहे. पुढची माळ तुटलेली असल्यामुळे तो संरक्षणासाठी माघार घेतो.

माळ तपासायला साध्या मीटरची डायोडची रेंज चालत नाही, कारण तो मोजताना जेमतेम एका एलईडीपुरता दाब देतो. शहरात एलईडी टेस्टर मिळतो. तो नसेल तर ९ व्होल्टच्या पाच चौकोनी बॅटऱ्या एकमेकींना जोडून ४५ व्होल्ट करावेत, त्यांच्या धन टोकाशी १ किलोओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावावा आणि पट्टीची जोडणी बोर्डापासून सोडवून एकेक माळ लावून पाहावी. पट्टीचे धन टोक बहुधा सर्व माळांना सामाईक असते आणि ते ड्रायव्हरच्या डायोडाकडून येते, त्यावरून ओळखता येते. चांगली माळ मंद पण स्वच्छ उजळते. एकही माळ उजळली नाही तर प्रथम जोडणीवरच पुन्हा संशय घ्यावा, कारण सगळ्याच माळा एकाच पावसाळ्यात मरण्यापेक्षा त्यांची सामाईक पिन गंजणे कितीतरी संभवनीय आहे.

पट्टीच मेली असे ठरले, तर मात्र मी आपल्याला पॅनेल उकलण्याचा सल्ला देणार नाही. काच, तिच्या कडेला चिकटवलेल्या केसासारख्या नाजूक पट्ट्या, प्रकाश पसरवणारे तीन-चार पातळ पडदे आणि जाड ॲक्रिलिकची पाटी, हे सारे त्याच क्रमाने आणि धुळीचा कण न जाता परत बसवावे लागते. लाल मातीच्या आवारातल्या शेडमध्ये ते होणे नाही. हंगाम तोंडावर असताना कामापुरता दुसरा मॉनिटर घ्यावा आणि हा ज्याला सरावाची हौस आहे अशा कोणाला तरी द्यावा.

प्रश्न : आमच्या वाचनालयाला एका सभासदाने १७ इंची, जुना, चौकोनी मॉनिटर भेट दिला आहे. तो सुरू केला की चित्र स्वच्छ येते, पण दोनच सेकंदांत पडदा काळा होतो. हिरवा दिवा मात्र तसाच राहतो. बटण बंद करून पुन्हा चालू केले की परत दोन सेकंद चित्र दिसते. एका जाणकाराने दूरध्वनीवर ‘इन्व्हर्टर गेला असेल’ असे सांगितले, म्हणून आम्ही वाचनालयाचा इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी तपासून घेतली. दोन्ही ठणठणीत आहेत. आता काय करावे?
– वाचनालयाचे एक कार्यकर्ते, गुहागर

उत्तर : शब्दाने आपला घोटाळा केला. वीज गेल्यावर पंखे-दिवे चालवणारा इन्व्हर्टर वेगळा. जाणकाराला अभिप्रेत होता तो मॉनिटरच्या पोटातला, तळहातापेक्षाही लहान असा. आपल्या मॉनिटरच्या पिढीत पडद्यामागे एलईडी नव्हे, तर पेन्सिलीतल्या शिशापेक्षा किंचित जाड अशा काचेच्या नळ्या असत. त्यांना सीसीएफएल म्हणतात. घरच्या ट्यूबलाइटची ती दूरची, सडपातळ बहीण. त्या पेटायला हजार व्होल्टच्या वर आणि पेटत राहायला काही शे व्होल्ट लागतात, तेही सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारे. १२-१५ व्होल्टमधून हा दाब तयार करणाऱ्या मंडलाला इन्व्हर्टर हे नाव आहे.

दोन सेकंदांत काळोख, ही या मॉनिटरांची इतकी ठरलेली तक्रार आहे की मॉनिटर न बघताही पुष्कळ सांगता येते. इन्व्हर्टर सर्व नळ्या पेटवतो, मग प्रत्येक नळीतून ठरलेला प्रवाह वाहतो आहे का ते तपासतो, आणि एक जरी नळी कमी पडली तरी आगीचा धोका नको म्हणून सगळेच बंद करतो. ही दोन सेकंदे म्हणजे त्याची तपासणी. म्हणजे दोष तीनपैकी एका ठिकाणी असणार: सप्लाय, म्हणजे मॉनिटरला आतून वीज पुरवणारा भाग, कमकुवत झाल्यामुळे इन्व्हर्टरच उपाशी आहे, किंवा इन्व्हर्टरचा एक ट्रान्सफॉर्मर गेला आहे, किंवा एखादी नळी म्हातारी झाली आहे.

मी नेहमी सप्लायच्या कॅपॅसिटरांपासून सुरुवात करतो, कारण ते सर्वांत स्वस्त आहेत आणि सर्वांत जास्त वेळा दोषी ठरतात. विशेषतः १९९९ ते २००७ च्या सुमाराला बनलेल्या उपकरणांत निकृष्ट द्रव भरलेले कॅपॅसिटर जगभर इतके गेले की त्याला ‘कॅपॅसिटरची साथ’ असेच नाव पडले. चांगल्या कॅपॅसिटरचा माथा सपाट असतो. बिघडलेल्याचा माथा पुरीसारखा फुगतो, कधी कधी त्यावरच्या खाचेतून तपकिरी चिकट द्रव आलेला दिसतो. फुगलेला एक सापडला तर त्याच्या शेजारचे, सपाट दिसणारेही बदलावेत, कारण ते त्याच उष्णतेत तेवढीच वर्षे भाजले गेलेले असतात आणि दिसण्यावरून त्यांचा भरवसा धरता येत नाही. नवे घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवावा, व्होल्टचा तोच किंवा थोडा जास्त चालतो, आणि १०५ अंशांचे, लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेल्या) प्रकारचे मागून घ्यावेत. अंगावरचा फिकट पट्टा ऋण टोकाचा असतो. तो उलटा बसला तर कॅपॅसिटर फुटतो आणि वाचनालयात दिवसभर मासळी जळल्यासारखा वास राहतो. सोल्डरिंग येणाऱ्या माणसाला हे अर्ध्या तासाचे काम आहे.

ट्रान्सफॉर्मरसाठी मॉनिटर पूर्ण बंद करून, वर सांगितल्याप्रमाणे कॅपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करून, दुय्यम गुंडाळीचा रोध मोजावा. आकडा नेमका किती हवा हे पाठ करण्याची गरज नाही. बोर्डावर सारखे दोन ट्रान्सफॉर्मर असतात, दोघांचे आकडे जवळपास जुळले पाहिजेत. एकाचे काही शे ओहम आणि दुसरा अनंत, म्हणजे दुसऱ्याची केसासारखी तार तुटली. खारी ओल ही तार सहज खाते, त्यामुळे समुद्रकाठच्या मॉनिटरांत हा दोष मी कोल्हापूर-साताऱ्याकडून आलेल्या मॉनिटरांपेक्षा जास्त पाहिला आहे. नळीच्या जोडणीवर मात्र चालू स्थितीत मीटर लावू नये. तिथला दाब साध्या मीटरच्या कुवतीबाहेरचा आहे. मीटर जातो आणि बोट भाजते.

राहिली नळी. चालू करताच पडदा गुलाबी किंवा पिवळसर दिसत असेल तर नळी थकली, असे धरावे. नेमक्या लांबीची नळी आता मिळणे कठीण, पण तिच्या जागी बसणाऱ्या एलईडी पट्ट्या आणि त्यांचा ड्रायव्हर असा संच बाजारात मिळतो. पट्टी तीन-तीन एलईडींच्या अंतरावर हव्या त्या मापात कापता येते. ड्रायव्हरला वीज, जमीन (ग्राउंड), ‘लाव’चा आदेश आणि प्रकाश कमी-जास्त करण्याचा संकेत अशा चार जोडण्या जुन्या इन्व्हर्टरच्याच ठिकाणाहून द्यायच्या असतात, आणि जुना इन्व्हर्टर निकामी करून ठेवायचा असतो. भेट मिळालेल्या मॉनिटरवर हौसेखातर हे करावे, खर्चाचा हिशेब करून नव्हे. काढलेल्या नळ्या मात्र कचऱ्यात फोडू नयेत. त्यांत थोडा पारा असतो. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्या ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्याव्यात.

प्रश्न : मालवणात आमचे न्याहारी-निवासाचे घर आहे. पाहुण्यांच्या खोलीतल्या ३२ इंची टीव्हीचा वरचा निम्मा भाग अंधारला. मेकॅनिकने ‘एक एलईडी बायपास केला’ असे सांगितले, टीव्ही चालू झाला, पण चार महिन्यांत पुन्हा तेच. शेजारी म्हणतात, बायपास म्हणजे शुद्ध फसवणूक, त्यामुळे बाकीच्या एलईडींवर ताण येऊन ते जातात. हे खरे आहे का?
– एक गृहिणी, मालवण

उत्तर : विषय टीव्हीचा असला तरी रोग तोच आहे. अशा टीव्हीत एलईडी बहुधा कडेला नसून पॅनेलच्या मागे पाठीवर पसरलेल्या पट्ट्यांवर असतात आणि प्रत्येकावर प्रकाश फाकवणारे वाटीसारखे भिंग चिकटवलेले असते. निम्माच भाग अंधारला, यावरून आपल्या टीव्हीतल्या पट्ट्या दोन वेगळ्या माळांत आहेत असे दिसते.

शेजाऱ्यांचा निष्कर्ष निम्मा बरोबर, कारण मात्र चूक. ड्रायव्हर माळेतला प्रवाह स्थिर राखतो. मेलेल्या एलईडीच्या दोन टोकांना तारेने जोडले तरी बाकीच्यांतून पूर्वीइतकाच प्रवाह जातो, त्यांच्यावर काडीचा ताण वाढत नाही. अडचण दुसरीच आहे. दोन माळांना दाब सामाईक असतो; एका माळेत एक एलईडी कमी झाला की त्याच्या वाटचे ३ व्होल्ट ड्रायव्हर आयसीला स्वतःच्या अंगावर घ्यावे लागतात आणि ते उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतात. एका एलईडीचे तो सोसतो, दोन-तीन झाले की तापतो किंवा माळ बिघडली असे समजून ती बंद करतो. आणि एक एलईडी गेला, त्याचे कारण – उष्णता – बाकीच्यांनाही लागूच असते. म्हणून बायपास हा गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेले असताना चार दिवस निभावून नेण्याचा उपाय आहे. मेकॅनिकने तो तात्पुरता आहे असे सांगितले असेल तर फसवणूक नाही. पक्क्या दुरुस्तीचे पैसे घेतले असतील तर आहे.

पक्की दुरुस्ती म्हणजे सर्वच पट्ट्या बदलणे. पट्टीवर छापलेला क्रमांक, एलईडींची संख्या, लांबी आणि प्रत्येक एलईडी ३ व्होल्टचा आहे की ६ व्होल्टचा, हे चारही जुळले पाहिजे; ३ आणि ६ ची गल्लत केल्यास नवा संच लागतच नाही किंवा लगेच जळतो. पडद्यावर एखादा गोल, झगझगीत ठिपका दिसत असेल तर तिथले भिंग गळून पडले आहे. ते इपॉक्सीने चिकटवून घ्यावे. झटपट चिकटणारा गोंद वापरला तर त्याच्या वाफेने भिंगावर पांढरी साय धरते. काच उचलताना दोन माणसे हवीत, हे मेकॅनिकला आवर्जून सांगावे. एकट्याने उचलून कडेची पट्टी फाडलेले टीव्ही मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांना औषध नाही.

दुरुस्तीनंतर सेटिंगमध्ये ‘बॅकलाइट’ ६० ते ७० वर आणून ठेवावा. ‘ब्राइटनेस’ नव्हे. पुष्कळ टीव्हींत ब्राइटनेसने चित्रातला काळा रंग फिकट-गडद होतो, एलईडीचा प्रवाह कमी होत नाही. पुष्कळ जण तोच कमी करून समाधान मानतात. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोड दुकानातल्या झगमगाटासाठी असतो, पाहुण्यांच्या खोलीसाठी नव्हे. समजूतदार मेकॅनिक ड्रायव्हरचे रेझिस्टर बदलून मूळ प्रवाहच थोडा उतरवून देतात. त्याला हरकत घेऊ नये.

प्रश्न : माझ्या मॉनिटरचा पडदा हळूहळू जांभळट झाला आहे. पांढरे पानही जांभळे दिसते. केबल बदलली, रंगांची सेटिंग बदलली, फरक नाही.
– एक विद्यार्थिनी, वेंगुर्ले

उत्तर : आपण केबल बदललीत हे योग्यच केले. मॉनिटरचा स्वतःचा मेनूही जांभळा दिसतो का, तेवढे पाहावे. दिसत असेल तर संगणक निर्दोष आहे. पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. आत निळा एलईडी असतो आणि त्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप असतो; निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा भासतो. ज्या निळ्या एलईडीमुळे हे शक्य झाले, त्याच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. उष्णतेने हा लेप करपला किंवा सुटला की आतला निळा उघडा पडतो. सेटिंगमधला निळा कमी करून काही महिने काढता येतील, परंतु लेप परत लावता येत नाही. पट्टी बदलणे हाच उपाय. मॉनिटर जुना असेल तर तसाच वापरावा, चित्रांचे किंवा छपाईचे काम मात्र त्यावर करू नये.

प्रश्न : प्रकाश कमी केला की डोळे दुखतात आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. बॅकलाइट जाण्याची ही खूण आहे का?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : नाही. काही मॉनिटर प्रकाश मंद करण्यासाठी एलईडी सेकंदाला दोन-तीनशे वेळा बंद-चालू करतात. कॅमेरा तेच पकडतो. पूर्ण प्रकाशावर पट्टे नाहीसे झाले तर यंत्र निरोगी आहे. डोळ्यांसाठी मॉनिटरचा प्रकाश चढा ठेवून खोलीतला दिवा वाढवावा.

प्रश्न : पावसाळ्यात संगणकाला प्लास्टिकचे आवरण घालून ठेवावे, असे सगळे सांगतात. ते योग्य आहे का?
– एक वाचक, हर्णे

उत्तर : कौलातून ठिबकणाऱ्या पाण्यापासून आवरण वाचवते, ओलीपासून नाही. उलट आत कोंडलेली ओल रात्री गारठून बोर्डावरच दवासारखी बसते. घालायचेच तर सुती कापड घालावे. मॉनिटर समुद्राच्या बाजूच्या खिडकीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर ठेवावा आणि वापर नसला तरी आठवड्यातून दोनदा तासभर चालू करावा. देवगडच्या वाचकांनाही हेच सांगणे आहे. हंगाम संपल्यावर मॉनिटर शेडमध्ये न ठेवता घरी न्यावा आणि माजघरात, चुलीच्या खोलीलगतच्या भिंतीशी ठेवावा. जुन्या घरांत पापड-कुरडयांचे डबे पावसाळ्यात जिथे ठेवतात ती जागा उत्तम. विजा चमकू लागल्या की नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसावा, आणि इंटरनेटची तांब्याची वायर येत असेल तर तीही सोडवून ठेवावी.